पास करणाऱ्याची सही

साऱ्या जबलपुरात स्वतःच्या हृदयावर सरकारी तपासनीस होऊन बसलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. उभी नोकरी त्यांनी इथल्या संरक्षण कारखान्यात माल तपासण्यात घालवली. मुदत संपलेला नग घ्यायचा, ठीक असला तर फॉर्म भरून मुदत वाढवायची, नसला तर लाल शिक्का. त्यामुळे बायपासनंतर डॉक्टर म्हणाले, "छातीतली धमनी बरीच टिकते, पण पायातून काढून जोडलेल्या नसांचा दहाएक वर्षांनंतर भरवसा देता येत नाही," तेव्हा आम्ही सगळे घाबरलो आणि सासऱ्यांनी पलंगावरूनच वही मागितली. "अच्छा, म्हणजे तीन नग पायातले, एक छातीतला. बॅच नंबर काय जी?" ते डॉक्टर अजूनही त्यांना पाहिलं की मागच्या दाराने निघून जातात.

ज्या डाव्या पायातून नस काढली, त्याचा मान तेव्हापासून घरात जावयापेक्षा मोठा आहे. तेल आधी त्याला, मोजा आधी त्याला. "त्याचा स्टाफ डेप्युटेशनवर गेला आहे," ते मला गंभीरपणे समजावतात, "उरलेले डबल ड्यूटी करून राहिले."

दहा वर्षं भरली तेव्हा त्यांनी मुदतवाढीचा फॉर्म स्वतः टाइप केला. तपासणी तिलवारा घाटावर. नर्मदेच्या पाण्यापासून वरच्या पायरीपर्यंत न थांबता चढायचं, नजर घड्याळावर. पण तपासणाऱ्याने स्वतःच पास करायचं नाही हा कारखान्याचा नियम, म्हणून दुसरी सही सासूबाईंची. त्या आधी चढून वर थांबायच्या, हे पोचले की भर घाटावर यांच्या छातीला कान लावायच्या आणि मगच सही करायच्या. एका वर्षी कान लावता लावता त्यांना यांच्या मिशीवर पाक दिसला. "अहो, खोव्याची जलेबी खाऊन इन्स्पेक्शनला आले तुम्ही? काहून? चलो, रिजेक्ट! पंधरा दिवसांनी या." सासऱ्यांनी पंधरा दिवस उकडलेली दोडकी खाल्ली आणि निमूटपणे पुन्हा चढले. अशा चार मुदतवाढी झाल्या.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. हृदयानेच, अर्ध्या तासात. त्यांचं हृदय कुणी कधी तपासलंच नव्हतं. सासऱ्यांनी फिरणं सोडलं, गोळ्या सोडल्या. तपासणीचा दिवस उजाडला तरी ते खुर्चीतून उठेनात.

"यंदा मुदतवाढ नाही जी," ते म्हणाले. "पास कोण करेल?"

मी मनातून फार घाबरलो. "मी करतो," म्हणालो. "आधी गोळ्या घ्या आणि चला."

त्यांनी खुर्चीतून उठून गोळ्या घेतल्या. मग आत गेले, आणि तासभर टाइपरायटरची टकटक ऐकू आली.

घाटावर मी पुढे चढलो आणि वर पोचून धापा टाकत बसलो. ते हळूहळू, पण न थांबता आले. मी त्यांच्या छातीला कान लावला. काय ऐकायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, पण आत चालू होतं. मी सही केली.

त्यांनी फॉर्मकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"ती पण अशीच धापा टाकत बसलेली असायची," ते म्हणाले. "दर वर्षी. मी घड्याळच पाहून राहिलो होतो."

मग त्यांनी खिशातून दुसरा फॉर्म काढला. त्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं.

"खाली जा, जावईबापू, अन् दमानं चढून या. आता आधी पास करणाऱ्याची तपासणी."

मी पाण्यापर्यंत उतरलो आणि वर पाहिलं. सासरे वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं.