थकत नाही ना, आपा?

सबोहत परिचारिका होती आणि आतून पार संपली होती. पण सांगणार कुणाला? नवरा रशियात बांधकामावर. त्याचा फोन यायचा तो दोन वाक्यांचा. मुलांच्या वॉर्डात ती एकटीच. ताप उतरून पोर हसलं, तरी हिला काही वाटेनासं झालं होतं. त्याचीच तिला भीती वाटायची.

तशात बातमी आली. राजधानीतून, दुशान्बेहून एक डॉक्टरीण येणार, दवाखान्यातल्या माणसांचा शीण मोजणार. जिथली माणसं जास्त शिणलेली, तिथे एक जादा परिचारिका मिळणार. सबोहतनं ठरवलं, या खेपेला लाज सोडायची, सगळं सांगून मोकळं व्हायचं.

डॉक्टरीण आली. मेहरांगेज नाव, जेमतेम पंचविशीची, लाघवी पोर. मोठ्यांना तोंडावर 'थकलात का' कसं विचारायचं, म्हणून शहाणीनं आपण ताजिक माणसं कामातल्या माणसाला भेटल्यावर म्हणतो तेच म्हटलं, "मोंदा नबोशेद! थकत नाही ना, आपा?"

"सलामत राहा गं! कुठलं थकतेय!" सबोहत बोलून गेली. आता याला आपल्याकडे दुसरं उत्तर असतं का? ताबुतातलं मढंसुद्धा उठून हेच म्हणेल!

दुआसलाम झाला, आता खरे प्रश्न येतील, म्हणून सबोहत हात पुसून समोर बसली. तर पोरीनं कागदावर 'थकत नाही' पुढे खूण केली नि उठली.

"झालं, आपा."

"अगं, एवढंच?"

"एवढंच. इथे सगळेच किती आनंदात आहात हो!"

"अगं, ऐक तरी..." म्हणेपर्यंत ती पुढच्या वॉर्डात पोचलीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. "शाब्बास! आपल्या दवाखान्यात थकलेलं एकही माणूस नाही!" जादा परिचारिका शेजारच्या जिल्ह्याला गेली होती. तरी टाळ्या वाजल्या.

सबोहत उठून उभी राहिली.

"साहेब, मी थकलेय. खरंच थकलेय हो. मला आता पोरांची दयासुद्धा येत नाही."

मग डॉक्टर पोट धरधरून हसायला लागले. "बघा, बघा! आपा कशी फिरकी घेतात! अरे, हलवा द्या त्यांना!"

झालं, सगळी खोली खदखदली. कुणीतरी तिच्यापुढे बशी सरकवली. सबोहतनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. खरं मानलेलं एकही तोंड दिसेना. मेलं, किती एकटं वाटावं माणसानं, तेही भरल्या खोलीत!

मग तीही हसली. त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं नाही.