केंद्रातली पराणी

अर्धांगाच्या झटक्यानंतर साहेबराव गायकवाडांचे हातपाय लवकर सावरले, पण शब्द गेले. चाकणच्या एका कंपनीत टूलरूमचे फिटर म्हणून त्यांनी उमर काढली होती. निवृत्त होऊन पुनावळ्याला मुलाकडे राहायला आले आणि वर्षभरातच हे झालं. समोरची वस्तू कशासाठी असते ते कळायचं, पण तिचं नाव काही केल्या जिभेवर यायचं नाही. कधी मध्येच ते डाव्या हाताची बोटं चिमटीत धरायचे आणि उजव्या मुठीने वर ठोकल्यासारखं करायचे. त्यांना काय म्हणायचंय, ते घरात कुणाला उमगत नव्हतं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी शब्दांचा सराव सांगितला, म्हणून सून आम्रपालीने पेपरातलं शब्दकोडं त्यांच्यापुढे ठेवायला सुरुवात केली. ती तळवड्याला आयटी कंपनीत होती. निघण्यापूर्वी चहा घेता घेता दोघं कोडं सोडवायची. तेव्हा तिला एक नवल दिसलं. खिडकीच्या पडद्याला ते नुसतं बोट दाखवायचे, पण 'नाटकाचा पडदा, चार अक्षरे' असं आलं की 'यवनिका' लिहून मोकळे. तरुणपणी कामगारांच्या नाटकांत त्यांनी कामं केली होती. तिथले शब्द झटक्यातून वाचले असावेत, असं बाई म्हणाल्या.

एका रविवारी कोड्यात आलं, 'वर्तुळाचा मध्य. शब्द मूळचा ग्रीक.' साहेबरावांनी 'केंद्र' लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

"ग्रीक?" त्यांनी विचारलं. "इथं... कसं?"

आम्रपालीने मोबाइलवर शोधलं, पण तिला नीट सांगता येईना. साहेबराव पेपर सोडेनात. शेवटी दुपारी ती त्यांना चिंचवडच्या वाचनालयात घेऊन गेली.

ग्रंथपाल सुमनताईंनी जाड कोश काढला. ग्रीकांचं ज्योतिष आणि गणित इकडे आलं, त्याबरोबर त्यांचे शब्दही संस्कृतात आले आणि तिथून मराठीत, असं त्यांनी समजावलं. पत्रिकेतला 'होरा'ही तसाच आलेला. केंद्राच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ होता टोकदार वस्तू. बैलांना टोचायची काठी.

साहेबरावांचा हात हवेत टोचल्यासारखा पुढे गेला. "प... पराणी."

आम्रपालीने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. बैल हाकताना वापरायची, टोकाला लोखंडी आर बसवलेली काठी म्हणजे पराणी, हे सुमनताईंनी तिला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, की वर्तुळ काढताना कंपासचं टोक कागदात टोचतं, त्या टोचलेल्या जागेला पुढे तेच नाव पडलं.

साहेबरावांनी टेबलावर चिमूट टेकवली आणि वरून मूठ ठोकली. पुन्हा एकदा ठोकली.

"सेंटर पंच," ते म्हणाले.

घरी ते मुठीने ठोकायचे ते हेच, हे आम्रपालीच्या लक्षात आलं. अडखळत, पण सलग ते सांगू लागले. लोखंडात भोक पाडायचं असेल तर आधी टोकदार पंच धरून हातोडीने ठोकतात. बारीक खड्डा पडतो, मग ड्रिल घसरत नाही. इंग्रजी 'सेंटर'ही त्याच ग्रीक शब्दातून निघालेला, म्हणजे 'केंद्र'चा भाऊ, फक्त दुसऱ्या वाटेने आलेला, असं सुमनताईंनी सांगितलं. तेव्हा साहेबराव कोशाच्या पानावर हात ठेवून बराच वेळ हसत होते.

सगळे शब्द काही परत आले नाहीत. पण आता ते स्वतःच कोडी रचतात आणि वाचा-उपचाराच्या बाई ती आपल्या इतर रुग्णांना देतात. पहिलं कोडं सगळं हत्यारांचं होतं: कानस, पकड, करवत. त्यांतल्याच देहूच्या कौशल्याबाईंनी ते परत पाठवलं; यातलं आपण काहीच हाताळलेलं नाही, असा निरोप दिला. मग साहेबराव आम्रपालीबरोबर स्वयंपाकघरात उभे राहिले आणि एकेक वस्तू उचलून तिचं नाव विचारू लागले. उलथनं, झारा, रवी. रवीला रवी का म्हणतात, तेही त्यांनी विचारलं. सुमनताईंना विचारायचं म्हणून आम्रपालीने ते पेपरच्या कडेला लिहून ठेवलं.