पैऱ्याची खळ आणि सरदाराचा अंगरखा

तमाम नाट्यरसिकांना, विशेषतः आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला हजर असलेल्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दुसऱ्या अंकात सरदाराच्या बाहीतून जो चिकट पदार्थ लोंबत होता, ती लाळ नव्हती. काही जणांनी चहा पिताना सुचवलेला दुसरा पदार्थही तो नव्हता. सरदाराचं काम मी करत होतो, त्यामुळे या विषयावर अधिकारानं बोलू शकणारा जबलपुरात मीच एक आहे. तो पदार्थ म्हणजे भाताचा पेंढा होता. उच्चशिक्षित पेंढा.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि वर्षातून एकदा मंडळाच्या नाटकात दाढीमिशा लावतो. माझा आवाज दोन्हीकडे शेवटच्या रांगेपर्यंत जातो, एवढंच माझं भांडवल. माझ्याकडे एक मुलगी पीएच.डी. करते. बरगीकडच्या खेड्यातली आहे, वडील धान लावतात. भाताच्या पेंढ्यातून, म्हणजे इकडच्या भाषेत पैऱ्यातून, सेल्युलोज वेगळं काढायचं आणि त्यात रासायनिक बदल करून उपयोगाची वस्तू बनवायची, हा तिचा विषय. पैरा घरचाच. पहिलं पोतं तिचे वडील मोटरसायकलला बांधून घेऊन आले होते. आम्ही तो कापून कॉस्टिक सोड्यात उकळायला ठेवला, तेव्हा त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, हमारी गाय तो कच्चा ही खा लेती है।"

सोड्यात उकळलं की पेंढ्याला ताठ ठेवणारं लिग्निन काळ्या चहासारख्या पाण्यात उतरतं. ते ओतून द्यायचं, उरलेला लगदा धुवायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरा करायचा. हाती येतं ते सेल्युलोज, पिंजलेल्या कापसासारखं. पण हे महाशय पाण्यात विरघळत नाहीत, कितीही ढवळा, तळाशी जाऊन बसतात. म्हणून त्यांना अल्कोहोलात घालून सोडा आणि मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल यांच्या संगतीत गरम ठेवायचं. मग सेल्युलोजच्या लांबलचक साखळीला जागोजागी नवे गट चिकटतात. या गटांना पाण्याचं विलक्षण वेड असतं. ते अख्ख्या साखळीला पाण्यात ओढून नेतात. शेवटी धुऊन वाळवलेली पांढरी पूड चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी साबुदाण्याच्या पेजेसारखं दाट होतं, आणि काचेसारखं स्वच्छ राहतं. मुलीनं पहिल्यांदा ते भांडं उजेडात धरलं, तेव्हा काच कुठे संपते आणि पेज कुठे सुरू होते ते कळेना. त्या रात्री जेवताना मी त्यावर किती वेळ बोललो ते माझी बायको सांगेल.

मग सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सगळे आलेख पाहिले, मान डोलावली आणि विचारलं की हे तुम्हा दोघांव्यतिरिक्त कोणी वापरणार आहे का. एका तरी परक्या माणसानं वापरून पाहिलेलं दाखवा, नाहीतर उपयोगाचं प्रकरण प्रबंधातून काढून टाका. मुलगी हो म्हणून खाली बसली. नंतर प्रयोगशाळेत म्हणाली की प्रकरण गेल्याचं काही नाही, पण घरी गेलं की वडील दर वेळी एकच विचारतात, पैऱ्याचं शेवटी झालं काय? त्यांना आलेख कसे दाखवू?

खळीची कल्पना तिचीच. गिरणीत सुताला कडक करायला असलंच काहीतरी लावतात, मग कपड्याला का नाही. तिनं माझा रुमाल घेतला, पेजेत बुडवला, वाळवला, इस्त्री केली. रुमाल टेबलावर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला.

परका माणूस माझ्या डोक्यात तयार होता. मंडळाचा कपडेपट सांभाळणाऱ्या काकू दीक्षितपुऱ्यात राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. नाटकाच्या कपड्यांच्या पेट्या त्यांच्याच घरी असतात आणि प्रत्येक प्रयोगाआधी तांदळाची कांजी करून त्या स्वतः कपडे कडक करतात. त्यांचं खरं दुःख प्रयोगानंतर सुरू होतं. वाळलेली कांजी शिवणींतून निघता निघत नाही. गरम पाण्यात घाला, चोळा, पुन्हा घाला. जरा राहिली की पेटीत कसर लागते. एका राणीचा अख्खा पदर कसरीनं खाल्ला, ते काकू अजून घरात कोणी गेल्यासारखं सांगतात.

मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चष्म्यावरून पुडी पाहिली. "गवताची खळ? काहून रे, जबलपुरातले तांदूळ संपले काय?"

मी म्हटलं, त्याच तांदळाच्या रोपाची आहे, खालच्या भागाची.

"म्हणजे तांदूळ तुम्ही खाणार, अन् कचरा माझ्या अंगरख्याले."

मुलीला मराठी फारसं येत नाही, पण सूर कळला. ती हिंदीत नम्रपणे म्हणाली की आंटीजी, एकाच कपड्यावर लावून बघा, आवडलं नाही तर आम्ही पुन्हा येणार नाही. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकच कपडा मिळेल, आणि तो याचा, असं त्यांनी जाहीर केलं. इज्जत गेलीच तर ती माझी जाणार होती, आणि तिची त्यांना विशेष काळजी नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी माझी एंट्री झाली आणि टाळ्या पडल्या. त्या अंगरख्याला होत्या, मला नव्हत्या. घेर छत्रीसारखा उघडला होता. मी थांबलो तरी तो क्षणभर पुढे चालत राहिला. दुसऱ्या रांगेत मुलगी वडिलांना घेऊन बसली होती. माझ्याकडे बोट दाखवून ती त्यांच्या कानात काहीतरी सांगत होती, आणि ते आपल्या शेताकडे बघावं तसे माझ्या पोटाच्या घेराकडे बघत होते. विंगेत काकूंनी हाताची घडी घातली. ही त्यांची दाद.

दुसऱ्या अंकात सरदार तरुण शिलेदाराला तलवार देतो. त्याआधी निष्ठेवर भलंमोठं भाषण आहे, जे मी कधीच छोटं करू दिलेलं नाही. सप्टेंबरची उमस, डोक्यावर दिवे, आणि संवाद ऐकू जावेत म्हणून पंखे बंद. प्रयोगशाळेत आम्ही खळ रुमालावर तपासली होती. रुमालाला घाम येत नाही.

आधी गळपट्टी मऊ झाली. मग पाठीवरून कोणीतरी हळूच जेली फिरवतंय असं वाटू लागलं. घेर मांड्यांना चिकटून बसला. साखळीला लावलेल्या त्या पाणीवेड्या गटांना पाणी सापडलं होतं. मी आशीर्वादासाठी उजवा हात वर केला, तेव्हा मनगटापासून एक पारदर्शक तार खाली आली आणि दिव्याच्या उजेडात झुलायला लागली. मी भाषण थांबवलं नाही. तलवार पुढे केली. मूठ माझ्या हातातून मासळीसारखी निसटली, शिलेदाराच्या हातातूनही निसटली आणि खणकन रंगमंचावर पडली. शिलेदार म्हणजे नुकतेच पुण्याहून बदली होऊन आलेले बँकेतले साहेब. पाठांतर पक्कं. त्यांनी जमिनीवरच्या तलवारीकडे न बघता पुढचं वाक्य खणखणीत म्हटलं की, ही तलवार माझ्या हातून कधीही सुटणार नाही.

आमच्या मंडळाच्या शोकनाट्याला असा हशा कधी मिळाला नव्हता.

पडदा पडल्यावर हॉलच्या मागच्या अंगणात, नळापाशी, काकू मला अंगरख्यातून सोडवत होत्या. मुलगी आली. डोळे लाल, मागे वडील. ती एवढंच म्हणाली, "सर, वो चैप्टर हटा देते हैं।" वडील माझ्या अंगावरचा चिकटपणा बघत होते. पैऱ्याचं काय झालं, ते त्यांच्यासमोर उभं होतं, थेंब थेंब गळत.

काकूंनी नेहमीच्या शिस्तीनं अंगरखा बादलीत बुडवला, खळबळला, पिळला. पाणी ओतून दिलं. मग बाह्या उलट्या करून शिवणींत नख फिरवलं. काखेत फिरवलं, गळ्याशी फिरवलं. कापड दोन बोटांत चोळलं. पुन्हा नख फिरवलं. मुलगी प्रबंधाचा निकाल ऐकायला उभी राहावी तशी उभी होती. काकूंनी अंगरखा दिव्यासमोर धरला, त्याच्याआडून तिच्याकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापिकेचा आवाज विसरून बोलून गेल्या, "काहून रडून राहिली बेटी, अगं ही तर एका पाण्यात निघाली, पुढच्या वर्षी सगळ्या पेट्यांले हीच लावू, अन् या घामट्याले प्रॉम्प्टिंगला बसवू."