पाहुण्यांचा पांढरा मध

आमच्या आत-बाशी गावात बुरुलकान एजेच्या मधमाश्यांच्या शंभर पेट्या आहेत. एजे म्हणजे थोरली बहीण. ती अख्ख्या गावाची एजे, आणि दटावतेही अख्ख्या गावाला. सोविएत काळात तिचा मध सरकार उचलायचं. ते गेलं, आणि मग व्यापारी म्हणतील तो भाव.

म्हणून जपानी खरेदीदार घेऊन येतोय असा एमिलबेकचा फोन आला तेव्हा मी, तिचा शेजारी, आनंदाने अक्षरशः उडालो! एमिलबेक आमच्याच गावचा, टोकियोतल्या आपल्या वकिलातीत व्यापाराचं काम बघतो. दोन वर्षं त्याने तिथली दारं ठोठावली, नियम घोकले, कागद जमवले आणि तानिमोतो नावाच्या खरेदीदार बाईंना थेट गावात आणलं. नमुना तपासणीत उतरला, तर तीस घरांचा मध दरवर्षी जपानला जाणार होता.

आणि एजेने घोळ घातला. आमचा मध पांढराशुभ्र, तुपासारखा थिजलेला. परदेशी बाईंना तो शिळा वाटेल म्हणून तिने नमुन्याच्या बाराही बरण्या उकळत्या पाण्यात बसवून मध पातळ, सोनेरी करून ठेवला.

एमिलबेकने एक बरणी उचलली आणि त्याचं तोंडच उतरलं.

"एजे, तापवलास? असला मध तिकडे नापास होतो. आमचा मध कच्चा आहे, हेच तर दोन वर्षं सांगत फिरलो मी."

"त्यांना सांगत फिरलास. मला कधी सांगितलंस?"

एमिलबेकने बरणी खाली ठेवली. दुसरा नमुना आणायचा कुठून? गावातला विकायचा बाकीचा सगळा मध आदल्याच आठवड्यात व्यापाऱ्याने नेला होता.

पण आभाळ कोसळलं तरी आमच्यात पाहुणा उपाशी जात नाही. एजेने चहा ओतला, बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मांडले आणि मधोमध वाडगाभर पांढरा मध ठेवला. तानिमोतो बाईंनी बोरसोक त्यात बुडवला, खाल्ला, पुन्हा बुडवला. हा नमुन्यात का नाही, असं त्यांनी विचारलं.

"तो विकायचा नाही," एजे म्हणाली. "तो पाहुण्यांचा आहे."

एमिलबेकने भाषांतर केलं. बाई हसल्या आणि आपल्याला तोच हवा म्हणाल्या. एजे तरातरा कोठीत गेली आणि पाहुण्यांसाठी राखलेली अख्खी बादली उचलून घेऊन आली!

तीन आठवड्यांनी नमुना पास झाला. मी तर अंगणात नाचलोच. एमिलबेक फोनवर एजेला म्हणाला, "बाई विचारतायत, तुम्हाला काय भाव हवा?"

एजेने त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.