उजवीकडची सीट

शकुंतलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवून आडवा झालो होतो. "भाऊजी, ह्यांचा ॲक्सिडेंट झाला... क्रांती चौकात," एवढंच त्या बोलल्या. आणि मी काय विचारावं? माणूस कसा आहे, कुठल्या दवाखान्यात नेलाय, यातलं काहीच नाही. माझ्या तोंडून निघालं, "म्हैस कुठंय?" मग वहिनी म्हणाल्या, "शेडात हाय. कव्हर घातलेलं हाय तिच्यावर. पायी गेलते ते." मी पलंगावर उठून बसलो. कितीतरी दिवस आम्ही ज्या दाराला कडी लावून पहारा देत होतो, त्या दारानं काही आलंच नव्हतं. अंधार पडायच्या आत मधू गेला.

म्हैस म्हणजे मधूची मोटार. जुनी, अमेरिकन, काळी कुळकुळीत आणि मुकुंदवाडीच्या गल्लीत वळताना दोन्हीकडच्या ओट्यांवरची माणसं पाय वर घेतील एवढी लांबरुंद. नाव वहिनींनी रागानं ठेवलं आणि ते चिकटलं. मधू आणि मी वाळूजला एकाच कारखान्यात होतो, तो टूलरूमला, मी क्वालिटीला. म्हणजे त्यानं करायचं आणि मी खोड काढायची. हे नातं जन्मभर टिकलं. शिफ्टच्या बसमध्ये एकदा शेजारी बसलो ते बसलोच. रिटायर झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, नातवंडं सांभाळतात. ह्या पठ्ठ्यानं जालना रोडच्या पुढं, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, ही गाडी हुडकून काढली.

मी सोबत होतो. खालचा पत्रा फोडून वेडी बाभूळ आत वाढली होती. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापाची कात, डिकीत गांधीलमाश्यांचं पोळं. मालक आमच्याच वयाचा, सज्जन माणूस. तो म्हणाला, "आजोबांनी एका परदेशी साहेबाकडून घेतली होती. घेतली आणि वर्षाच्या आत गेले. वडलांनी कधी किल्लीला हात लावला नाही. न्या तुम्ही खुशाल... फक्त परत आणू नका." खोटं कशाला बोलू? मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या माणसानं ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आवडला नाही. मधूनं बहुतेक ऐकलंच नसावं. तो बॉनेटवर तळवा फिरवत होता. "रम्या, हिचा सांगाडा धड हाय," तो म्हणाला, "सांगाडा धड असला की झालं."

घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलं. डेंटिंगच्या कामाला रशीदभाई आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कानाला हात लावला. "मधूभाई, ये गाडी नै, मय्यत है. दफन करो, बाता नक्को करो." पण आले ते राहिले. चेनपुलीनं बॉडी उचलून बाजूला ठेवली, चासी उघडी केली, बोल्ट न बोल्ट सुटा केला. इंजिन तर असं जाम होतं की सिलिंडरांत डिझेल ओतून नुसती वाट बघत बसायचो, आणि मधू दररोज सकाळी शाफ्टला पाना लावून हिसका द्यायचा. एके दिवशी ते केसभर हललं. मधू शेडाबाहेर पळत आला आणि वहिनींना म्हणाला, "हलली गं!" वहिनी धुणं वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "दूध देती का आता?"

पार्ट कुठलाच मिळायचा नाही. झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप काढायचं, वाळूजच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर तो करून घ्यायचा, बसला नाही तर पुन्हा करायचा. पुढच्या चाकांचे बुश, ब्रेकचे सिलिंडर, दारांच्या कड्या, सगळं असं नव्यानं घडवलं. माप मी घ्यायचो, कारण तो माझा धंदा. मधू मात्र घडलेला पार्ट डोळ्यांपुढं धरायचाच नाही, अंगठ्यानं चाचपून बरोबर की चूक सांगायचा. रशीदभाई हसायचे, "तुम आँखाँ घर में रखके आते क्या?" आम्हीही हसायचो. चहाचा कप त्याच्या बाजूला ठेवला की हमखास लवंडायचा, कपाळ शेडाच्या दाराला, दंड मडगार्डाला, अंगावर सदा काळेनिळे डाग. वहिनी म्हणायच्या, म्हशीनं शिंग मारलं. आणि घाई तर विचारू नका. उभ्या हयातीत ज्यानं कधी काम उरकलं नाही, सावकाश केलं, तो रशीदभाईंवर खेकसायला लागला. "चला, चला... दिवाळीच्या आत रंग पाह्यजे मला." मी विचारलं, "कुठं वरात काढायचीय का रे?" तो बाकड्याकडं वळला आणि पाना चाचपायला लागला.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडं, तिकडच्या पद्धतीचं. आपल्या रस्त्यावर अशी गाडी चालवणं म्हणजे पुढच्या ट्रकच्या बुडाकडं बघत बसणं. ओव्हरटेक करायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसतच नाही. मी म्हटलं, रशीदभाईंनी म्हटलं, स्टिअरिंग उजवीकडं घेऊन टाक. मधू हटून बसला. "मंग ती अमेरिकन कशी राह्यली? तू बस ना उजवीकडं. तू बघ, मी चालवतो."

तसंच ठरलं. गाडी रस्त्यावर आली त्या सकाळी मी उजवीकडच्या सीटवर बसलो. दौलताबादच्या रस्त्याला लागलो. मधू विचारायचा, "मोकळं?" मी मान बाहेर काढून बघायचो, "मोकळं!" आणि ते धूड मऊ आवाज करत ट्रकच्या बाजूनं पुढं सरकायचं. ढाब्यावरची माणसं उठून उभी राहिली. मधू गाडीत जोरात हसत होता, मीही. आयुष्यात इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीनं झाला नाही.

मग दर रविवारी आम्ही निघायला लागलो, आणि हळूहळू त्याचे प्रश्न वाढले. आधी फक्त ओव्हरटेकला विचारायचा. पुढं चौक आला की, "उजवीकडून कोणी हाय?" मग, "ती बाई थांबली का?" मग पार्किंगमध्ये, मग गल्लीत. मला वाटलं, गाडीला जपतोय. मी सांगत गेलो. पडेगावच्या पुढं एक सायकलवाला रस्त्यात वळला. माझ्या बाजूनं नाही, त्याच्या. अगदी मधूच्या खिडकीशी, हात बाहेर काढला तर खांद्याला लागेल इतका जवळ. मला तो पलीकडच्या सीटवरून दिसत होता आणि मधू शांतपणे स्टिअरिंग तिकडंच ओढत होता. मी ओरडलो. ब्रेक लागले. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. इंजिन तसंच चालू.

"दिसला नव्हता का तुला?"

"दिसलता की."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं समोर बघितलं. पहिल्यांदाच त्या गाडीत मला भीती वाटली, आणि मला ती गाडीची वाटली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मी त्याला जवळजवळ दंडाला धरून नेलं. तिथं हा तक्त्यावरची पार खालची ओळ घडाघडा वाचून माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघतो. डॉक्टरांनी मग दुसरं मशीन लावलं. काचबिंदू. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, कडा जातात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. राहिलेलं टिकवायला थेंब घाला, आणि गाडी आजपासून बंद. जिन्यावरून उतरताना मधू म्हणाला, "रम्या, मला अंधार दिसत नाय रे. काळं बिळं कायच नाय. जे दिसतं ते लई साफ दिसतं... मंग गेलं ते कसं कळावं माणसाला?" मी पुन्हा त्याचा दंड धरला.

किल्लीवरून तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला नाही. घरी आल्या आल्या ती वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाला, "पिठाच्या डब्यात ठेव." वहिनी त्या दिवशी सुटल्यासारख्या हसल्या, मीही रात्री शांत झोपलो. गाडीखाली कुणी येणार नाही, मधू कुठल्या ट्रकवर जाऊन आदळणार नाही. आमची सगळी काळजी त्या गाडीच्या चार चाकांवर होती. ती थांबली म्हणजे सगळं थांबलं, असं आम्ही धरून चाललो. मधू पायी फिरायला लागला तर आम्हाला कौतुक वाटलं. रिक्षा नाय पाह्यजे, म्हणायचा, पाय धड हायेत माझे.

क्रांती चौकात तो उजवीकडून आलेल्या मोटारसायकलीपुढं गेला. तो चालवणारा दवाखान्याच्या बाहेर फुटपाथवर बसून रडत होता. मी त्याच्यावर हात उचलायच्या तयारीनं गेलो होतो. तो म्हणाला, "मी हॉर्न दिला काका. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून... पण माझ्याकडं नाही, दुसरीकडंच बघून केला." माझा हात खाली आला. मी त्याच्या शेजारी बसलो.

तेराव्यानंतर मध्ये काही आठवडे गेले. वहिनींनी निरोप धाडला की गाडी नुसती उभी राहून बिघडायची, एकदा चालू करून जा. किल्ली त्यांनी पदराला पुसून दिली. कव्हर काढलं, बॅटरी जोडली, गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. गिअरात टाकली नाही, ती जागच्या जागी घुरघुरत राहिली. मी बाहेर येऊन उभा राहिलो आणि काही करायचं नव्हतं म्हणून शेडाची भिंत बघितली.

ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीला खिळे मारलेले होते, पाने, हातोड्या, पकडी अडकवायला. खिळ्यांखाली ऑइलचे जुने डाग, म्हणजे एके काळी तिथं काहीतरी लटकत होतं. आता दोन्ही बाजू रिकाम्या. सगळी हत्यारं मधोमध, बाकड्याच्या अगदी समोर, परातीएवढ्या जागेत एकावर एक दाटीनं टांगलेली. एका खिळ्याला चार-चार पाने.

"वहिनी, हे असं कधीपासून?"

त्या दारात उभ्या होत्या. "लई दिवस झाले की. गाडी खोलली तव्हा पार कडंला असायचं सगळं. मंग सरकत सरकत आत आलं. मी इचारलं तर म्हणायचे, उगं हात कशाला लांब करायचा... मला वाटलं, पसारा आवरला ह्यांनी."

म्हणजे पहिल्यांदा "मोकळं?" विचारलं, त्याच्या कितीतरी आधीपासून कडा जायला लागल्या होत्या. त्याला ते कळत होतं की नुसतं त्याच्या हाताला कळत होतं, हे आता मला कोण सांगणार? मी इंजिन बंद केलं. मला खूप रडू आलं आणि वहिनी समोर होत्या तरी मी ते आवरलं नाही. मग मधल्या दाटीतला एक पाना काढला, भिंतीच्या कडेला जाऊन तिथल्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. तो तिथं बरोबर बसला. थोडा वेळ बघितलं, पुन्हा काढला, आणि त्यानं ठेवला होता तिथंच नेऊन ठेवला.