दोन रंगांचा सर्जा

माझ्या चित्रकथेत शिंगाळे नावाची माणसं आहेत. डोक्यावर हातभर शिंगं, त्यांना सोनं, घुंगरं, रंग. ज्याची शिंगं जास्त नटलेली तो मोठा, असं सोपं गणित मी मांडलं होतं. कथा लिहिणारी मैत्रीण म्हणाली, "ही नुसती श्रीमंती झाली गं. ते शिंगं रंगवतातच कशाला?" म्हटलं, शिंगं रंगवणाऱ्यांनाच विचारू. तेवढ्यात पोळा आला. मग काय, चिकलठाण्यातल्या घराला कुलूप लावलं आणि कन्नडजवळ मामाच्या गावी निघाले.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे ऐट पूर्ण! वेरूळनंतर दोन्हीकडे हिरवंगार. कन्नडचा बाजार गोंड्यांनी आणि बेगडाने चमकत होता. पुढची जीप खचाखच भरल्याशिवाय हलत नाही, तोवर गरम भजी खाऊन घ्या. आणि यायचं तर पोळ्याच्या आदल्या दिवशीच या. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, ते चुकवू नका.

मामाच्या दावणीला सर्जा एकटाच होता. त्याचा जोडीदार राजा उन्हाळ्यात गेला. मामाने सर्जाचा खांदा मळला, पण रंगाचं नाव काढेना.

"पोळा झाला की बाजाराला न्यायचाय त्याला. जोडी नाय तर मिरवायचं काय?"

मामी पुरण वाटता वाटता डोळे पुसत होती. मलाही फार वाईट वाटलं.

सकाळी मामा पारावर गेल्यावर मामीने दोन जुने डबे आणले. "लाव गं तू." एकात लाल, एकात निळा, दोन्ही तळाशी गेलेले. एकेका शिंगापुरताच रंग! मी डावं लाल केलं, उजवं निळं, वर बेगड चिकटवला. सर्जाने मान झटकून माझा कुर्ताही रंगवला.

मामा आला आणि बघतच राहिला. मला कुठं ठाऊक, या घरात प्रत्येक बैलाचा रंग ठरलेला असतो ते! निळा सर्जाचा. लाल राजाचा, आणि राजा चालायचाही डाव्या अंगाला. आता शिव्या बसणार, म्हणून मी मामीच्या मागे सरकले. मामाने मात्र कासरा सोडला आणि सर्जाला घेऊन वेशीकडे निघाला.

तोरणाखाली सगळ्या जोड्याच जोड्या. शेजारचे तात्या हसले, "एका बैलाला दोन रंग? पाव्हणीनं घोळ घातला व्हय?"

"घोळ नाय तात्या," मामा म्हणाला. "दोघं आलेत."

तात्यांचं हसू थांबलं. त्यांनी आपली जोडी मागे घेतली आणि सर्जाला पुढे वाट दिली. मी तिथंच रडले, अगदी सगळ्यांसमोर.

त्यानंतर पुरणपोळ्या इतक्या खाल्ल्या की परतीच्या जीपमध्ये मला दोन माणसांची जागा लागली. घरी येऊन शिंगाळ्यांची सगळी चित्रं नव्याने काढायला घेतली. सोनं पुसलं. आता तिथं शिंगावरचा एकेक रंग म्हणजे आपलं एकेक माणूस, गेलेलंसुद्धा.

काल मामीचा फोन आला. "अगं, बाजार होऊन गेला. सर्जा दावणीलाच हाय. मामा म्हणतात, पुढच्या पोळ्याला येताना दोन्ही रंगांचे डबे भरलेले आण."