शेपटीचे बूट

सोपिनाने ते बूट पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी चुकून दोन जोड एकावर एक चिकटवलेत. तळवा पावाच्या लादीएवढा जाड आणि टाचेमागे चार बोटं बाहेर आलेली शेपटी. डोंगरावरून उतरलेल्या एका पाहुण्याने ते तिला भेट दिले होते. किनाबालू डोंगराच्या वाटेवर बावीस वर्षं ओझी वाहताना तिने एकच पायताण काय ते जाणलं होतं: हार्डवेअरच्या दुकानातले काळे रबरी बूट.

प्रश्न तिच्या पायांचा नव्हताच. उद्या तिची मुलगी ज्युलिटा पहिल्यांदा ओझं घेऊन वर जाणार होती, आणि दोन महिन्यांपूर्वीच तिचा घोटा मुरगळला होता.

ओझ्याशिवाय बुटाची परीक्षा कसली? सोपिनाने वाकिद, म्हणजे पाठीवरची टोपली, कोबीने भरली आणि शेपटीचे बूट चढवून घराच्या पायऱ्या चढली. अरे वा, गुडघे हूं की चूं करेनात! उतरताना मात्र शेपटी पायरीला अडकली, ती धपकन बसली आणि कोबी अंगणभर पळाले.

"वहिनी, शेपूट बुटाला आहे," कुंपणापलीकडून दीर डोइमिस खिदळला, "आपटलीस मात्र तू!"

"दात काढू नकोस, कोबी गोळा कर."

ज्युलिटाने तेच बूट घातले, तीच टोपली घेतली आणि सरळ खाली आली.

"आई, तू चवड्यावर तिरकी उतरतेस. मी आधी टाच टेकते."

सोपिना बघतच राहिली. ही पोर टाच टेकते? कधीपासून? ही वीस वर्षांची झाली, तरी आपल्या कसं लक्षात आलं नाही? मग तिने दोन्ही जोड बादलीत बुडवले. रबरी बूट उपडे केले की कोरडे. शेपटीवाले चुलीपाशी ठेवूनही संध्याकाळपर्यंत ओलसरच. आणि वर पाऊस तर रोजचाच.

"मग कुठले घालू?"

"मला काय विचारतेस!" सोपिना चिडली. सकाळी मुलगी शेपटीचे बूट घालून निघाली, तेव्हा सोपिनाने रबरी जोड गुपचूप टोपलीत वरच ठेवून दिला.

दुपारभर तिने डोंगरवाटेच्या फाटकाकडे किती फेऱ्या घातल्या, तिलाच ठाऊक. चारला ज्युलिटा उतरली. पायात रबरी बूट, शेपटीचे टोपलीला लटकलेले.

"का गं? लागले का?"

"चढताना मस्त होते. मग पाऊस आला, दगडासारखे जड झाले. शेवटची उतरण या रबरी बुटांवर केली."

"म्हणजे चांगले की वाईट?"

"चढताना चांगले."

सोपिनाने तिथेच बसून मुलीचा घोटा दाबून पाहिला, उजवा, मग उगाच डावाही. सूज नव्हती. पण हे कोणत्या जोडामुळे, ते काही केल्या कळेना. घरी येऊन तिने दोन्ही जोड सारखेच घासून धुतले आणि कुंपणाच्या चार खुंट्यांवर उपडे लावले.